ग्राफचं शेपूट

अँपिसिलिन टाकल्यावर फ्लास्कमधलं गढूळ द्रावण साधारण तासाभरात निवळायला लागतं. ई. कोलाय जिवाणूची पेशीभित्तिका बांधण्याचं काम हे औषध बिघडवतं, त्यामुळे वाढीला लागलेली पेशी आतल्या दाबाने फुटते. दोन तासांनी फ्लास्क ट्यूबलाइटसमोर धरला तर पलीकडच्या बाटलीवरचं लेबल वाचता येतं. हलवला की तळाशी बारीक चिकट धागे फिरताना दिसतात. फुटलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला तो डीएनए. पाहणाऱ्याला वाटावं, संपलं सगळं. पण त्याच द्रावणातला एक मिलिलिटर काढला, त्यातलं औषध धुऊन टाकलं आणि तो अगार या पोषक जेलच्या प्लेटवर पसरला, की दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर कॉलन्या असतात, म्हणजे एकेका जिवंत पेशीपासून वाढलेले ठिपके. पाच तासांनी काढलेल्या नमुन्यातही असतात, आणि तीन तासांच्या नमुन्यापेक्षा फार कमी नसतात.

हे उरलेले जिवाणू म्हणजे पर्सिस्टर. पुण्यात माझी पीएचडी चालू आहे ती यांच्यावर. नातेवाइकांना आणि मैत्रिणींना सांगायला गेलं की लगेच पुढचं वाक्य येतं, ‘म्हणजे रेझिस्टन्स ना?’ तर नाही. रेझिस्टंट जिवाणू औषध असतानाही वाढतो. त्याच्या जनुकांमध्ये बदल झालेला असतो आणि तो बदल पुढच्या पिढ्यांमध्ये उतरतो. पर्सिस्टर औषधात वाढत नाही, फक्त मरत नाही. औषध गेलं की तो पुन्हा वाढू लागतो, आणि त्याच्यापासून झालेली सगळी प्रजा मूळ कल्चरइतकीच, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेल्या मूळ जिवाणूंइतकीच, औषधाला बळी पडणारी असते. त्या प्रजेला पुन्हा अँपिसिलिन दिलं की पुन्हा तेच. बहुतेक मरतात, दर दहा हजारांत किंवा लाखात एखादा उरतो. जनुकं तीच, फ्लास्क तोच, औषध तेच, तरी एक मरतो आणि शेजारचा राहतो. एमएस्सीला असताना हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हापासून मला दुसऱ्या कशावर काम करावंसं वाटलेलं नाही.

गोष्ट नवी नाही. पेनिसिलिन नुकतंच हाती आलं होतं तेव्हा, १९४२ मध्ये, ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं की ते सुमारे ९९ टक्के जिवाणू मारतं, उरलेला टक्का तसाच राहतो. १९४४ मध्ये आयर्लंडचे जिवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर नीट प्रयोग करून ‘द लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पर्सिस्टर हे नाव त्यांचंच. उरलेल्या जिवाणूंची प्रजा पुन्हा पेनिसिलिनने मरते हे त्यांनी दाखवलं आणि एक उपायही सुचवला: औषध मधूनमधून थांबवा, झोपलेले जागे होऊन वाढायला लागतील, मग पुन्हा द्या. इतक्या लवकर, इतक्या साध्या साधनांनी त्यांनी प्रश्नाचा गाभा पकडला होता. नंतर कित्येक वर्षं फारसं कुणी तिकडे वळलं नाही. १९८३ मध्ये हॅरिस मॉयेड आणि केविन बर्ट्रांड यांना ई. कोलायचा एक असा उत्परिवर्तित प्रकार सापडला ज्यात पर्सिस्टर शेकडो पटींनी जास्त निघतात, आणि त्यातून ‘हिप-ए’ हे जनुक हाती लागलं. तिथून या विषयाला पुन्हा जोर आला.

आता प्रत्यक्ष काम. ऐकायला साधं आहे. ऋण ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवलेल्या साठ्यातून जिवाणू काढून प्लेटवर रेघांनी पसरायचे, एक सुटी कॉलनी उचलून एलबी ब्रॉथ या पोषक द्रवात रात्रभर शेकरवर ठेवायची, सकाळी ताज्या माध्यमात विरळ करून पुन्हा वाढवायची. ३७ अंशांना ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. ओडी, म्हणजे द्रावणाच्या गढूळपणाचं माप, ०.३ च्या आसपास आला की मिलिलिटरमध्ये दहा कोटींच्या वर पेशी झालेल्या असतात. तेव्हा शून्य वेळेचा नमुना काढायचा आणि अँपिसिलिन टाकायचं, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे नुसती वाढ थांबवायला लागतं त्याच्या दहापटीहून जास्त. मग अर्धा तास, एक, दोन, तीन, पाच तास अशा वेळांना नमुने. प्रत्येक नमुना सेंट्रिफ्यूज करायचा, वरचं पाणी काढायचं, पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला पेशींचा गोळा, सलाइनमध्ये धुवायचं, दहा-दहा पटींनी विरळ करत जायचं आणि प्लेटवर लावायचं. दुसऱ्या दिवशी मोजणी.

यातलं धुणं लोकांना किरकोळ वाटतं. माझ्या मते सगळा प्रयोग त्यावर उभा आहे. नमुन्याबरोबर औषधाचा अंश प्लेटवर गेला, तर जिवंत पेशीसुद्धा तिथे मरते आणि वाचलेल्यांचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. उलट धुताना पेलेट निसटलं तर तीच गत. पहिल्या तासाचं पेलेट ट्यूबच्या तळाशी पांढरं, घट्ट बसलेलं असतं. तीन तासांचं जेमतेम दिसतं आणि डीएनएमुळे बुळबुळीत झालेलं असतं, पिपेटचं टोक जवळ नेलं की सरकतं. त्यामुळे पेलेट ट्यूबच्या कोणत्या बाजूला बसणार त्या बाजूवर आधीच मार्करने खूण करायची, टोक नेहमी समोरच्या बाजूने न्यायचं आणि थोडं पाणी मागे सोडायचं. या गोष्टी पेपरमध्ये कुणी लिहीत नाही. लॅबमधल्या सीनियर ताईने हात धरून शिकवल्या.

मोजून झालं की आकडे लॉग स्केलवर, म्हणजे प्रत्येक पायरी दहापटीची धरून, मांडायचे. सुरुवातीला रेघ कड्यावरून उतरल्यासारखी खाली येते, मग एका जागी मोडते आणि जवळजवळ आडवी जाते. हे शेपूट. सगळ्या पेशी सारख्या असत्या तर रेघ सरळ खाली गेली असती. ती मोडते याचाच अर्थ फ्लास्कमध्ये दोन वेगळ्या गतीने मरणारे गट आहेत.

मी हा ग्राफ पहिल्यांदा माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘‘शेपूट आहे असं अजून म्हणू नकोस. पाच तासांनी औषध अजून काम करतंय का, ते आधी दाखव.’’ बरोबर होतं. अँपिसिलिन फार टिकाऊ औषध नाही. तेच संपत आलं असेल तर जिवाणू वाचण्यात नवल काय? म्हणून पाच तासांनंतरचं द्रावण गाळून घ्यायचं, त्यात नवीन, वाढीला लागलेले जिवाणू सोडायचे आणि ते मरतात का पाहायचं. ते मेले. मग शेपटातल्या कॉलन्या उचलून त्यांची औषधाला दाद देण्याची मर्यादा पुन्हा मोजायची. ती मूळ कल्चरइतकीच आली. मग त्याच कॉलन्यांपासून पूर्ण प्रयोग परत. रेघ पुन्हा त्याच जागी मोडली. एवढं झाल्यावर सर म्हणाले, ‘‘आता म्हण.’’

शेपटाची उंची कशावर ठरते, यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, आणि इथेच हा विषय अनेकांना दगा देतो. रात्रभर वाढून उपाशी पडलेल्या कल्चरमध्ये झोपलेल्या पेशी भरपूर असतात. सकाळी ते कल्चर विरळ केलं तरी त्यातल्या काही लगेच उठत नाहीत, तशाच पुढे येतात. म्हणजे आज मोजलेले पर्सिस्टर कालच्या उपासमारीतले असू शकतात. बोस्टनमधल्या किम लुइस यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की कल्चर वाढीच्या टप्प्यात असतानाच पुन्हा पुन्हा विरळ करत राहिलं तर पर्सिस्टर घटत जातात. म्हणून रात्री फ्लास्क किती वाजता शेकरवर ठेवला, सकाळी किती पट विरळ केला, माध्यमाचा कोणता लॉट, हे सगळं माझ्या वहीत असतं. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या अनेक शास्त्रज्ञांनी मिळून एक मार्गदर्शक मांडणी प्रसिद्ध केली, तिचाही यावर भर आहे. नव्याने येणाऱ्या कुणालाही मी आधी ती वाचायला देते.

आणि फाज. जिवाणूंना संसर्ग करणारे हे विषाणू कल्चरमध्ये शिरले तर सगळी मोजणी निरर्थक होते. कोपनहेगनच्या केन गर्देस यांच्या गटाची एक मांडणी बराच काळ या विषयाचा कणा मानली जायची: टॉक्सिन-अँटिटॉक्सिन (विष आणि त्याचा उतारा बनवणाऱ्या) जनुकांच्या जोड्या पेशीला झोपवतात, आणि अशा दहा जोड्या काढून टाकल्या की पर्सिस्टर घटतात. पुढे त्याच गटाला आढळलं की जनुकं काढताना त्या जिवाणूंमध्ये फाज शिरला होता. पर्सिस्टर कमी दिसत होते ते त्या फाजमुळे. त्यांनी २०१७ मध्ये हे स्वतः छापलं आणि २०१८ मध्ये आधीचे गाजलेले पेपर मागे घेतले. मला याबद्दल मनापासून आदर वाटतो. आपल्याच हाताने उभारलेली इमारत पुरावा दिसल्यावर उतरवणं सोपं नसतं, आणि त्यांनी ते केलं नसतं तर माझ्यासारख्या कितीतरी जणांची वर्षं त्याच वाटेवर गेली असती. आमच्याकडे आता जिवाणूचा कोणताही नवा स्ट्रेन (वाण) आला की आधी फाजची तपासणी होते.

मोजणीतून गट कळतो, एकटी पेशी कळत नाही. त्यासाठी मायक्रोस्कोप. २००४ मध्ये नताली बालाबान या शास्त्रज्ञ बाईंनी जिवाणूंना सूक्ष्म खाचांमध्ये रांगेत बसवून, औषध देण्याच्या आधीपासून एकेका पेशीवर नजर ठेवली होती. ‘हिप-ए’च्या त्या उत्परिवर्तित प्रकारात, अँपिसिलिनमधून वाचलेल्या पेशी औषध येण्यापूर्वीच वाढायच्या थांबलेल्या होत्या. म्हणजे औषधाला घाबरून त्या झोपल्या नव्हत्या, आधीच झोपल्या होत्या. हे जनुक पेशीत नेमकं काय करतं तेही पुढे उलगडलं: त्याचं प्रथिन एका एन्झाइमला बंद पाडतं आणि प्रथिनं बनवण्याचं कामच अडकतं.

आमच्याकडे तेवढी सुरेख यंत्रणा नाही. आम्ही अगारोज या जेलची पातळ चकती करून तिच्यावर पेशी बसवतो आणि दर काही मिनिटांनी फोटो घेतो. अँपिसिलिन आल्यावर पेशी आधी लांबत जातात, विभागत नाहीत. मग मधोमध एका बाजूने फुगा बाहेर येतो. फुगा मोठा होतो, आणि पुढच्या फोटोत पेशीच्या जागी फिकट सावली असते. एकामागून एक सगळ्या अशा जातात. पूर्ण फ्रेमभर सावल्या. त्यांच्यात कधी एखादी आखूड पेशी असते जिला काहीच झालेलं नसतं. अशी पेशी सापडायला नशीब लागतं, कारण दहा हजारांत एक म्हणजे कित्येक फ्रेम रिकाम्या जातात. मला सापडली तेव्हा औषध काढून ताजं माध्यम सोडलं होतं. बराच वेळ ती तशीच पडून होती. मग किंचित लांबली. मग मधोमध अगदी बारीक चिमटा दिसला आणि दोन झाल्या. नंतर चार व्हायला उशीर लागला नाही. लॅबमध्ये तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी ताईला ओढतच स्क्रीनपाशी आणलं.

पण ‘पर्सिस्टर म्हणजे झोपलेला जिवाणू’ हे वाक्य मी आता जपून वापरते. अँपिसिलिनला ते बऱ्यापैकी लागू पडतं, कारण भित्तिका बांधणंच बंद असेल तर औषधाला बिघडवायला काही उरत नाही. ओफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं डीएनए तोडतात, आणि झोपलेल्या पेशीचाही डीएनए तुटू शकतो. तिथे वाचणं न वाचणं ठरतं ते उठल्यावर: दुरुस्ती आधी पूर्ण होते की वाढ आधी सुरू होते यावर. ब्रसेल्समधल्या एका गटाने २०१९ मध्ये दाखवलं की ओफ्लॉक्सॅसिनमधून वाचलेल्या त्यांच्या पेशी औषधाआधी व्यवस्थित वाढत होत्या. तेव्हा वाचण्याचे रस्ते अनेक आहेत. प्रत्येक औषधाला, प्रत्येक जिवाणूला ते नव्याने शोधावे लागतात, आणि एकाच कळीने सगळं बंद करता येईल ही आशा मला तरी फारशी खरी वाटत नाही.

माझी मावशी साताऱ्याकडे आशा सेविका आहे. टीबीच्या रुग्णांना गोळ्या वेळेवर घ्यायला लावणं हे तिच्या रोजच्या कामांपैकी एक. दिवाळीत भेटली तेव्हा तिने मला सरळ विचारलं, ‘‘अगं, दोन महिन्यांत माणसाचा खोकला जातो, वजन वाढतं, थुंकी तपासली तर साफ येते. मग तो म्हणतो, आता कशाला गोळ्या? लघवी लाल होते, मळमळतं. त्याला मी काय सांगू? नुसतं ‘सरकारचा कोर्स आहे’ म्हटलं की तो ऐकत नाही.’’

मी तिला माझा ग्राफ वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवला. पहिल्या उताराला औषधाने बहुतेक जिवाणू मेले, म्हणून खोकला गेला. थुंकीत सापडण्याइतके उरले नाहीत, म्हणून रिपोर्ट साफ. पण शेपूट अजून आहे, आणि सहा महिन्यांतला मोठा भाग त्या शेपटासाठी आहे. मावशीने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, ‘‘लव्हाळ्यासारखं. वरून खुरपला तरी गाठी खाली राहतात. पाऊस पडला की परत वर.’’ तिच्या रुग्णांपैकी निम्मे शेतकरी आहेत. मी घातलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा त्यांना हे पटकन कळेल.

टीबीचा जिवाणू याबाबतीत फारच अवघड. तो दुप्पट व्हायलाच जवळजवळ दिवस घेतो, शरीरात गाठींमध्ये, पेशींच्या आत, आम्लात, जिथे प्राणवायू कमी तिथे पडून राहतो. म्हणूनच आपल्याकडच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं असतात आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. पायराझिनामाइड हे मोठं विलक्षण औषध आहे. प्रयोगशाळेत साध्या माध्यमात ते जवळजवळ काही करत नाही, पण आम्लात मंद पडलेल्या जिवाणूंना ते मारतं. शेपूट आखूड करण्यात त्याचा वाटा मोठा मानला जातो.

कोर्स चार महिन्यांवर आणायचे प्रयत्न झाले आहेत. २०१४ मध्ये अशा तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा गॅटिफ्लॉक्सॅसिन घालून चार महिन्यांत उपचार थांबवून पाहिले होते. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या एका चाचणीत तर थुंकी नेहमीपेक्षा लवकर साफ झाली. पण तिन्ही चाचण्यांत उपचार थांबवल्यावर रोग परत येण्याचं प्रमाण सहा महिन्यांच्या कोर्सपेक्षा जास्त निघालं. हे वाचल्यावर मला माझ्या फ्लास्कची आठवण झाली नसती तरच नवल: उतार जास्त तीव्र, शेपूट तसंच. पुढे २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन एकत्र असलेला चार महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांच्या तोडीस तोड ठरला, तेव्हा वेळ कमी होऊच शकत नाही असंही नाही. फक्त ती कोणत्या औषधांनी कमी होते हे सुरुवातीच्या उतारावरून कळत नाही.

म्हणून मला राहून राहून वाटतं की आपल्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये, म्हणजे जिवाणूवर कोणतं औषध चालतं हे सांगणाऱ्या तपासणीत, एक रकाना कमी आहे. रिपोर्ट सांगतो किती औषधाला जिवाणूची वाढ थांबते. किती वेळात तो मरतो, हे सांगत नाही. बालाबान यांच्या गटाने २०१६ मध्ये असं माप सुचवलं: ठरावीक औषधात ९९ टक्के किंवा ९९.९९ टक्के जिवाणू मरायला लागणारा किमान वेळ. रेझिस्टंट जिवाणूला मात्रा जास्त लागते, टिकून राहणाऱ्याला वेळ जास्त लागतो. दोन्ही मापं हवीत. कारण वेळेशी जिवाणूही जुळवून घेतात. जेरुसलेममध्ये त्याच गटाने ई. कोलायला रोज तीन, पाच किंवा आठ तास अँपिसिलिन दिलं, तेव्हा काही दिवसांतच असे जिवाणू निवडले गेले जे साधारण तेवढाच वेळ उशिरा उठत होते. आणि २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत आधी अशी सहनशीलता येते आणि तिच्या आधाराने पुढे रेझिस्टन्स येतो. उरलेल्यांकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही ते यासाठी.

सध्या मी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर वळले आहे. तो टीबीच्या जिवाणूचा निरुपद्रवी नातेवाईक, साधारण तीन तासांत दुप्पट होणारा. खऱ्या टीबीच्या जिवाणूसाठी लागणारी वेगळ्या दाबाची, बंदिस्त प्रयोगशाळा आमच्याकडे नाही. स्मेग्मॅटिसच्या कॉलन्या तिसऱ्या दिवशी दिसतात, पण रिफाम्पिसिनमधून वाचलेल्यांच्या त्यानंतरही येत राहतात. त्यामुळे मी प्लेट टाकून देत नाही. रोज त्याच वेळी इनक्युबेटर उघडते, नव्या आलेल्या कॉलन्यांभोवती त्या दिवसाच्या रंगाच्या मार्करने गोल करते. लाल आधीचे, हिरवे नंतरचे. उशिरा येणाऱ्यांचा आकडा औषधात काढलेल्या वेळेबरोबर कसा बदलतो, हा माझा आताचा प्रश्न आहे.

मावशीने निघताना आणखी एक विचारलं होतं: ‘‘मग शेवटचा जंतू गेला हे कळतं कशाने?’’ तिला मी खरं ते सांगितलं. माणसाच्या शरीरात ते नेमकं सांगणारी तपासणी आज नाही. म्हणून टीबीच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये गोळ्या संपल्यावरही रुग्णांना महिनोन् महिने बोलावून तपासतात, रोग परत येतो का पाहतात, आणि त्यावरून कोर्सची लांबी ठरते. ती म्हणाली, हे ती रुग्णांना असंच सांगेल, की या सहा महिन्यांमागे आधी औषध थांबवून पाहिलेली माणसं आहेत.